सातव्या खुर्चीचं पान

१

रास अल खैमात समुद्रकाठी एक मोठं रिसॉर्ट उभं राहत होतं आणि त्यातल्या कॅसिनोसाठी माणसं आधीच तयार करून ठेवायची होती. इमारत पुरी व्हायला अजून अवकाश होता, म्हणून कंपनीने शहराबाहेरच्या इंडस्ट्रियल एरियात पत्र्याची एक लांबलचक शेड भाड्याने घेतली होती. पूर्वी तिथे टाइल्सचं गोदाम होतं. आता आत हिरव्या बनातीची आठ टेबलं होती, वर पिवळे दिवे, छताला काळ्या घुमटीत बसवलेले कॅमेरे, आणि दिवसभर खोटंखोटं ब्लॅकजॅक खेळणारी साठ-सत्तर माणसं. निम्मे पत्ते वाटायला शिकायचे, निम्मे गिऱ्हाईक होऊन बसायचे, मग अदलाबदल. चिप्स नुसत्या प्लॅस्टिकच्या, खऱ्या पैशाचा तिथे संबंध नाही.

विनिता पेडणेकर या गर्दीत कधी दिसायची नाही. लोखंडी जिना चढून गेलं की वर एक बिनखिडकीची खोली होती, तिथे ती स्क्रीनसमोर बसलेली असायची. बाई मूळची वेंगुर्ल्याची, वय चव्वेचाळीस. गोव्याच्या कॅसिनोच्या बोटींवर अकरा वर्षं तिने एकच काम केलं होतं: पत्ते मोजणारं गिऱ्हाईक ओळखायचं.

मोजण्यात जादू काही नसते. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान निघालं की मनात एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का निघाला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. आकडा चढत गेला म्हणजे पत्ते वाटायच्या डब्यात मोठी पानं जास्त उरली, खेळणाऱ्याची वेळ चांगली. तेव्हा चिप्स वाढवायच्या. उतरला की गुमान एक चिप लावून बसायचं. कायद्याने हा गुन्हा नाही, माणूस आपलं डोकं चालवतो एवढंच. पण डोकं चालवणारा माणूस कॅसिनोला परवडत नाही. म्हणून विनितासारख्या बाया वर बसून खालच्या माणसाबरोबर मोजत असतात. आकडा चढला की याच्या चिप्स चढतात का, हे बघतात.

शेडमध्ये शिकवणी म्हणून शेवटचं पानसुद्धा वाटायची पद्धत होती. सहा कॅट, तीनशे बारा पानं. सगळी निघून गेली की बेरीज शून्य येते. यावीच लागते.

त्या सोमवारी सकाळी चार नंबरच्या टेबलावर तिची बेरीज एकवर थांबली.

डोळा थकला असेल, म्हणून तिने तोच डाव रेकॉर्डिंगवर पुन्हा पहिल्यापासून मोजला. पुन्हा एक. खाली निरोप पाठवून तिने पत्ते मोजून घेतले. तीनशे बारा भरले, रंगवार सगळे जिथल्या तिथे. म्हणजे पत्ता हरवला नव्हता. एक मोठं पान टेबलावर आलं होतं आणि तिने ते पाहिलं नव्हतं.

तिने रेकॉर्डिंग आणखी एकदा मागे नेलं. टेबलाला सात खुर्च्या, सहा भरलेल्या. डीलरच्या उजव्या हाताची शेवटची, सातवी, रिकामी. सतराव्या फेरीत डीलरचा हात सहाव्या खुर्चीवरून पुढे सरकला आणि सातव्या जागी त्याने एक पान ठेवलं. बदामाचा राजा. रिकाम्या खुर्चीपुढे तो फेरीभर पडून राहिला. मग बाकीच्या पानांबरोबर डीलरने तोही उचलला. टेबलावरच्या एकानेही तिकडे पाहिलं नाही. तिनेही पाहिलं नव्हतं; रिकाम्या जागेवर नजर टाकायची नाही, ही तिच्या डोळ्यांची जुनी सवय.

"हात चुकला गड्याचा," ती मोठ्याने म्हणाली आणि तिला बरं वाटलं. चूक सापडली की तिला नेहमीच बरं वाटायचं.

२

तो गडी म्हणजे रुपेश सावंत, कणकवलीजवळचा. नऊ वर्षं रास अल खैमातल्याच एका टाइल्सच्या कारखान्यात होता. कंपनीने डीलर म्हणून निवडलं तेव्हा चौतिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदाच टाय लावला होता. गुरुवारी त्याची परीक्षा होती. पास झाला तर बायकोला आणि मुलीला इकडे आणता येण्याजोगी नोकरी, नापास झाला तर व्हिसा रद्द आणि परतीचं तिकीट.

दुपारच्या सुट्टीत विनिताने त्याला शेडबाहेरच्या टपरीवर गाठलं. दोन करक, म्हणजे इकडचे वेलचीचे कडक दुधाळ चहा घेतले.

"चार दिरहम," रुपेश ग्लास हातात घेत म्हणाला. "म्हणजे नव्वदच्या वर रुपये झाले मॅडम. चहाला! बायकोला सांगितलं तर घरात घेणार नाही."

"रुपेश, सकाळी सात नंबरला पान कुणाला दिलंस?"

तो हसत होता, तो थांबला. "सात नंबरला कोणी नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. बदामाचा राजा दिलास."

"नाही मॅडम. मला तरी आठवत नाही."

"हरकत नाही. गुरुवारी कॅसिनोंना परवाने देणाऱ्या प्राधिकरणाची अधिकारी येणार आहे बघायला. तिच्यासमोर असं झालं तर चालायचं नाही. सहा म्हणजे सहा."

त्याने मान डोलावली. चहा मात्र तसाच राहिला. ग्लास ठेवून जाताना तो म्हणाला, "मॅडम, त्या टेबलावर टकटक ऐकू येते का हो तुम्हाला वर?"

"कॅमेऱ्यांना आवाज नसतो रुपेश. नुसतं चित्र येतं. कसली टकटक?"

"काही नाही. कारखान्यात टाइल फुटकी आहे का बघायला बोटाने वाजवतात ना, तशी. कानात बसली असेल माझ्या." तो कसनुसं हसला. "नऊ वर्षं तेच ऐकलंय."

३

मंगळवारी तिने चार नंबरचं टेबल मोठ्या स्क्रीनवर लावलं आणि नजर सातव्या जागेवरच ठेवली.

पहिले दोन डाव स्वच्छ गेले. तिसऱ्यात रुपेशने तिथे दोन पानं ठेवली. या वेळी पूर्ण हात: छक्की आणि चौव्वी. पाळी सातव्या खुर्चीवर आली तेव्हा तो थांबला. ज्याला पान हवं असतं तो बनातीवर बोट आपटतो, नको असलं तर हात आडवा हलवतो. डीलर त्याची वाट पाहतो. रुपेश त्या रिकाम्या खुर्चीकडे तशीच वाट पाहत उभा राहिला. मग त्याने एक पान दिलं. नव्वी. एकोणीस झाले; एकवीसच्या वर गेलं की डाव फुटतो. पुन्हा थांबला, आणि समजल्यासारखी मान हलवून पुढे गेला.

पुढच्या फेरीत सातव्या जागी चिप लावायच्या वर्तुळात एक चिप होती.

ती कुणी ठेवली, हे शोधायला विनिताने तोच तुकडा अकरा वेळा मागेपुढे केला. सहाव्या खुर्चीवरच्या पोराने पाण्याची बाटली घ्यायला हात लांबवला. हात जाईपर्यंत वर्तुळ रिकामं होतं, परत आल्यावर चिप होती. त्याच्या मुठीत बाटलीखेरीज काही नव्हतं. तिने दुसऱ्या कोनातला कॅमेरा लावला. त्यात नेमक्या त्याच क्षणी रुपेशचा खांदा आडवा आलेला.

खोलीत एसीचा घुरघुराट चालू होता. तिने वहीत लिहायला सुरुवात केली. आकडा दोनवर, चिप एक. आकडा सातवर, चिपा तीन. आकडा अकरावर, चिपा पाच. आकडा खाली, पुन्हा एक. अकराशे माणसं तरी तिने अशी तपासली असतील. त्यातले निम्मे घाबरून चुकतात, काही हावेपोटी चुकतात. सातवी खुर्ची चुकत नव्हती. आणि मोजणारा हुशार असला की बसायला शेवटचीच खुर्ची धरतो. आपली पाळी येईपर्यंत सगळ्यांची पानं बघून होतात.

एवढं सगळं लिहून झाल्यावर तिला भीती वाटायला हवी होती. पण सगळ्यात आधी तिच्या मनात आलं, काय सुरेख खेळतंय हे.

मग तिला ते ऐकू आलं. टक टक. हलकेच, दोनदा. स्क्रीनवर रुपेश सातव्या जागी पान ठेवत होता.

तिने एसी बंद केला, कॉम्प्युटरचे स्पीकर शोधले. स्पीकर नव्हतेच. खालच्या हॉलचा गलका त्या खोलीत कधी पोचत नसे, भिंतींना फोम लावलेला. ती श्वास रोखून बसली. स्क्रीनवर पुन्हा सातव्या खुर्चीची पाळी आली, रुपेश थांबला, आणि तिच्या अगदी कोपराजवळ, टेबलाच्या लाकडावर आवाज आला.

टक टक.

तिने हात मांडीवर ओढून घेतला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

४

बुधवारी सकाळी शौकतसाहेब स्वतः वर आले. हैदराबादचे, शेडचे मुख्य. मऊ बोलणारा माणूस, पण त्यांनी दार लावून घेतलं की काहीतरी बिनसलंय समजावं. खेळ तपासणारं सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी त्यांना रिपोर्ट पाठवत असे. त्यांनी टॅबलेट तिच्यापुढे ठेवला. टेबल चार, जागा सात: मोजणारा, अत्यंत कुशल.

"विनिताजी, वो सीट तो खाली है ना?"

"खाली है."

"तो मतलब साफ है. ये रुपेश खाली सीट पे खुद पत्ते डाल के खुद ही खेल रहा है. अभी प्रॅक्टिस कर रहा है, कल असली टेबल पे किसी दोस्त को बिठाएगा. ऐसे लड़के देखे हैं मैंने. एचआर को बोल देता हूँ. खलास."

"शौकतभाई, उसको गिनती आती ही नहीं. थिअरीमें मुश्किल से पास हुआ है."

"फिर कौन गिन रहा है?"

तिच्या मनात आलं ते या खोलीत बोलता येण्यासारखं नव्हतं. तिची सगळी पत तिच्या डोळ्यांवर उभी होती. रिकाम्या खुर्चीत कोणी बसलंय असं म्हणणाऱ्या बाईला स्क्रीनसमोर कोण बसवणार?

"मला आजचा दिवस द्या," ती मराठीतच बोलून गेली आणि मग तेच हिंदीत म्हणाली.

पत्ते मोजणाऱ्याला कसं वागवायचं, याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिली, डीलर बदलायचा. रुपेशला तिने दोन नंबरवर पाठवलं आणि चारवर शुभ्रा आली. नागपूरची, वर्गात सगळ्यात तल्लख. पाऊण तासाने शुभ्राचा हात सहाव्या खुर्चीवरून पुढे सरकला आणि तिने सातव्या जागी दोन पानं ठेवली. ती शेजारच्याशी हसून बोलत होती, बोलणं तुटलंसुद्धा नाही. विनिताने तिला वर बोलावून रेकॉर्डिंग दाखवलं. शुभ्रा बघत राहिली. "हे मी नाही केलं मॅम," असं म्हणाली, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि तिला रडूच फुटलं.

दुसरी पायरी, पत्ते मध्येच पिसायचे, म्हणजे मोजलेलं सगळं पाण्यात. आकडा चढला की विनिता खाली फोन करायची आणि डीलर पत्ते पिसायचा. पहिल्या वेळी सातव्या जागी तीन चिपा होत्या. पिसून झाल्यावर एक. दुसऱ्या वेळी तिने फोन उचलायच्या आतच एक.

फोन हातात धरून ती तशीच उभी राहिली. खालून कुणीतरी तिला मोजत होतं.

५

दुपारी ती जिना उतरली आणि चार नंबरच्या टेबलावर सहाव्या खुर्चीत जाऊन बसली.

रुपेशला तिने परत तिथे उभं केलं होतं. जवळून त्याचा चेहरा ओढलेला दिसत होता. त्याने पत्ते वाटायला घेतले. तिची दोन पानं आली, आणि मग तो हात पुढे सरकला, तिच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे. या वेळी रुपेशलाही ते कळत होतं. पण हात थांबला नाही.

"देऊ नकोस," ती पुटपुटली.

"बघतो मॅडम. पण जमत नाही. समोर कोणी पानासाठी बसलंय आणि मी हात आखडता घ्यायचा, हे नाही जमत."

तिने मान वळवली नाही. नजर फक्त बनातीवर खाली नेली. सातव्या जागेच्या पानांजवळ बनातीत एक खळगा पडला, बोटाच्या शेंड्याएवढा. मग त्याच जागी पुन्हा. टक टक. हिरवी लव दबली आणि हळूहळू, गवत उठतं तशी वर आली. ती उठून पळाली नाही, आणि बसून राहिल्यामुळेच तिला वेगळंच काही आठवलं.

गोव्यात, बोटीवर, एक निवृत्त पोस्टमास्तर यायचा. बेळगावकडचा, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. अगदी लहान डाव लावायचा आणि सुंदर मोजायचा. तिने त्याला आठ दिवसांत ओळखलं. मग ती खाली गेली, शंभर जणांना म्हणून झालेलं वाक्य तिने त्यालाही म्हटलं: सर, तुमचा खेळ फार चांगला आहे, पण आमच्याकडे ब्लॅकजॅक आता नको. त्याचा फोटो सगळ्या बोटींना गेला. कामच होतं ते तिचं. म्हातारा चिडला नाही. चष्मा पुसत एवढंच म्हणाला, "बाई, मी तुमचं काय घेतलं? नुसतं लक्षात ठेवलं. घरी दिवसभर लक्षात ठेवण्यासारखं काही घडत नाही हो."

तिने त्याला दारापर्यंत पोचवलंही नव्हतं. वर जाऊन पुढचा स्क्रीन बघितला होता.

शेवटची पायरी तीच: जवळ जाऊन ते वाक्य म्हणायचं. तिने तोंड उघडलं. रुपेश तिच्याकडे बघत होता. वाक्य जिभेवर तयार होतं, अकरा वर्षं घोटलेलं.

ते तिने गिळून टाकलं.

"उद्या सकाळी सातला ये," ती रुपेशला म्हणाली. "कोणी यायच्या आत. आपण एक पूर्ण डाव खेळू. आपण तिघं."

६

गुरुवारी सात वाजता शेड थंड होती. पत्र्यातल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमधून उजेडाच्या लांब रेघा आत उतरल्या होत्या. रुपेश टाय लावून आला होता. त्याने सहा कॅट पिसले आणि डब्यात लावले.

विनिता सहाव्या खुर्चीत बसली आणि समोर बघूनच बोलली.

"मी विनिता. तुम्ही कोण, हे मी विचारणार नाही. तुम्ही फार छान खेळता. आज मी मध्ये पत्ते पिसायला लावणार नाही, डीलर बदलणार नाही, उठा असं म्हणणार नाही. शेवटच्या पानापर्यंत खेळा. फक्त दहा वाजता या माणसाची परीक्षा आहे आणि त्याला पास व्हायचंय. त्याची बायको आणि पोर त्याच्यावर आहेत. एवढं ऐका."

काही झालं नाही. एसीसुद्धा लावलेला नव्हता. रुपेशने पहिलं पान काढलं.

तासभर तिघं खेळले. सरावासाठी डीलरची दोन्ही पानं उघडी ठेवली होती, लपवण्यासारखं काही नव्हतं. विनिता मोजत होती. शेजारी कोणीतरी मोजत होतं. आकडा चढला की ती चिप वाढवायची, आणि मान वळवून परत आणेपर्यंत सातव्या जागेवरही वाढलेली असायची. केव्हातरी तिच्या लक्षात आलं, आपण घाबरायचं विसरलोय. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचं मोजणं वरून पाहिलं होतं. कुणाच्या बरोबर बसून असं मोजलं नव्हतं. रुपेशचे हातही सैल झाले, पानं पाण्यासारखी वाहू लागली.

शेवटची फेरी आली. सातव्या जागी पाच चिपा होत्या.

तिचे एकोणीस झाले, ती थांबली. सातव्या खुर्चीपुढे चौव्वी आणि दश्शी, चौदा. रुपेशचे स्वतःचे दश्शी आणि छक्की, सोळा. डब्यात एकच पान उरलं होतं.

विनिताची बेरीज एकवर होती. म्हणजे ते उरलेलं पान मोठं. चोवीसही एक्के तिने जाताना पाहिले होते, म्हणजे ते दहाचं; गुलाम, राणी, राजाही दहाचेच धरतात. सातव्या खुर्चीने हात आडवा हलवला की झालं. डीलरला सोळावर पान घ्यावंच लागतं, दहाने तो सव्वीस होऊन फुटणार, पाचही चिपांच्या दहा होणार. लहान मूलही थांबलं असतं. आणि शेजारी जे बसलं होतं, त्याला ते पान तिच्याइतकंच स्वच्छ दिसत होतं.

रुपेश वाट पाहत उभा राहिला.

टक टक.

"नको," विनिता नकळत बोलली. "ते दहाचं आहे. तुमचाच डाव फुटेल."

टक टक. तितकंच हलकं, तितकंच निवांत.

रुपेशने शेवटचं पान काढून सातव्या जागी ठेवलं. इस्पिकची राणी. चोवीस. डाव फुटला. रुपेशचे सोळा तसेच राहिले, डबा रिकामा. त्याला फोडणारं पान सातव्या खुर्चीने स्वतःवर घेतलं होतं; त्या खुर्चीपुरता डीलर जिंकला होता. त्याने पाच चिपा हलक्या हाताने स्वतःकडे ओढल्या, आणि तो रडतोय हे विनिताला तेव्हा दिसलं.

तिने तोंड फिरवलं. टेबलांच्या टोकाला देखरेखीचा एक लहान स्क्रीन होता, त्यात चार नंबरचं टेबल दिसत होतं. रुपेश. ती स्वतः. आणि तिच्या शेजारी, बनातीवर, मनगटापासून पुढचे दोन हात. टेबल सोडताना डीलर आपले तळवे उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवतात, काही घेतलेलं नाही म्हणून. ते हात तसेच उलटले. तळव्यांच्या रेघांमध्ये पांढरट काहीतरी बसलेलं होतं, पिठासारखं किंवा टाइलच्या मातीसारखं. मनगटांच्या वर काय होतं ते बघायला तिने डोळे बारीक केले, आणि तेवढ्यात पापणी लवली.

खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीला हात लावायचं धाडस मात्र विनिताला झालं नाही.

७

प्राधिकरणाच्या अधिकारी सुमैय्या बरोबर दहाला आल्या. काळा अबाया, हातात क्लिपबोर्ड, कमी बोलणं. त्या चार नंबरच्या टेबलापाशी पाऊण तास उभ्या होत्या. विनिता वरून बघत होती आणि तिच्या मागे शौकतसाहेब. रुपेशने सहा जणांना पत्ते वाटले आणि स्वतःला घेतले. पुन्हा सहा, पुन्हा स्वतःला. सहाव्या खुर्चीनंतर त्याचा हात एकदाही पुढे गेला नाही. त्याने फक्त एकदा, डाव संपल्यावर, सातव्या जागेवरची बनात तळव्याने सारखी केली. सुमैय्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याच्याकडे बघून हसल्या.

"अच्छा है लड़का," शौकतसाहेब म्हणाले. "हाथ बहुत साफ है. वो रिपोर्टका क्या करूँ? सीट नंबर सात. लिस्टमें किसका नाम डालूँ?"

"किसीका नहीं," विनिता म्हणाली. "मैंने बात कर ली है."

शौकतसाहेब दाराकडे वळले. "ठीक है. इन्शाल्ला दोबारा ना हो."

संध्याकाळी स्टाफची बस हायवेला लागली तेव्हा डोंगर गुलाबी झाले होते. रुपेश विनिताच्या पुढच्या सीटवर होता. बायकोला त्याने व्हिडिओ कॉल लावला होता, पलीकडे सविता एकाच वेळी हसत आणि रडत होती, आणि त्यांची मुलगी तिथे समुद्र आहे का, मोर आहे का, शाळेत एसी आहे का, असं विचारत होती. रेंज गेली तसा तो मागे वळला.

"मॅडम, एक सांगू? आज ती खुर्ची खरंच रिकामी होती. मला कळलं. आणि मला जरा वाईटच वाटलं."

"मलाही."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. कारखान्यांचे दिवे लागत होते.

"परत आलं तर?"

विनिताने विचार केला. घाईने काही बोलायचं नव्हतं तिला, आणि खोटंही.

"आलं तर पान दे," ती म्हणाली. "आणि मला खालून फोन कर. मी येऊन शेजारी बसते."